सितोलिया डोळ्याच्या कोपऱ्यात उभी राहायची

चुन्याच्या भाजलेल्या दगडावर पाणी पडलं की तो फसफसतो, तडकतो आणि उकळायला लागतो. आमच्या नामाकोला गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. टेकडीच्या पायथ्याला एकाला लागून एक भट्ट्या आहेत. भाजलेले दगड खाली ओढायचे, त्यांच्यावर बादलीनं पाणी मारायचं, वाफेचा लोट उठला की मागे सरायचं, आणि सगळं निवल्यावर पांढरी फक्की चाळून पोत्यात भरायची. हेच इथलं काम. एलुबे काम्वेंडोनं ते वयाच्या नवव्या वर्षापासून केलं होतं. घामानं ओल्या झालेल्या हातावर फक्की बसली की कातडी कशी जळते, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर त्याचे डाग होते.

याच शहाणपणापायी तिच्या बहिणीचे डोळे गेले.

मी तेव्हा गावात नव्हते. सरकारी आरोग्यसेविका म्हणून माझी इथे नेमणूक झाली ती त्यानंतर सहा वर्षांनी. पण ही गोष्ट मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे, आणि एलुबेच्या तोंडून तर इतक्यांदा, की मी तिथेच उभी होते असं मला कधी कधी वाटतं.

सप्टेंबर होता, वारा सुटलेला. सितोलिया एकोणीस वर्षांची होती, एलुबेपेक्षा बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे एलुबेनंच तिला पाठीला बांधून वाढवलं होतं. त्या दिवशी सितोलिया पोतं डोक्यावर घेत होती. पोत्याची शिवण उसवली आणि नीट न विझलेली फक्की तिच्या वर केलेल्या तोंडावर आली. डोळे उघडे होते.

"पाणी!" ती किंचाळली. "ताई, पाणी दे!"

नासिबेको नावाची बाई नेमकी हातपंपावरून भरलेली बादली घेऊन येत होती. तिनं धावत येऊन बादली खाली ठेवली आणि ओंजळ भरली. एलुबेनं तिच्या हातावर फटका मारला. बादली लाथेनं आडवी केली.

"डोकं फिरलंय का तुझं? चुना आहे तो! डोळ्यात उकळेल!"

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघीतिघींनी सितोलियाचे हात धरले, ती पंपाकडे धावत होती म्हणून. मग एलुबेनं तिच्या डोळ्यात खायचं तेल घातलं. संध्याकाळी शेजारणीनं अंगावरचं दूध पिळलं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं कसल्याशा पाल्याचा रस सोडला. चौथ्या दिवशी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, तोवर तिची दोन्ही बुबुळं शिजवलेल्या माशाच्या डोळ्यांसारखी पांढरी झाली होती.

तिथल्या डोळे तपासणाऱ्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, "लगेच पाण्यानं धुतलेत ना?"

"नाही," एलुबे ताठ मानेनं म्हणाली. "एक थेंब लागू दिला नाही मी."

त्या माणसानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग तिला अमायी, म्हणजे आई, म्हणत हळू आवाजात सांगितलं. थोडं पाणी चुन्याला पेटवतं हे खरंच आहे, अमायी. पण भरपूर पाणी, धारेनं, अर्धा तास, न थांबता ओतलं की ते चुन्याला वाहून नेतं. त्या क्षणी बादल्याच्या बादल्या ओतायला हव्या होत्या. पंप किती लांब होता?

"वीस पावलं," एलुबे म्हणाली.

तो रागावला असता, ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती मला नेहमी म्हणायची.

सितोलिया त्यानंतर अकरा वर्षं जगली. तिला मागणी घातलेल्या मुलानं पहिला पाऊस पडायच्या आत दुसरीकडे जमवलं. एलुबेचा नवरा खाणकामाला दक्षिणेत गेला तो तिकडचाच झाला होता, मूलबाळ नव्हतं. दोघी बहिणी माझ्या दवाखान्याच्या मागच्या घरात राहायच्या. माझा दवाखाना म्हणजे एक खोली, एक तराजू आणि ओसरीवरचं बाकडं. सितोलिया त्या बाकड्यावर येऊन बसायची आणि लसीसाठी आलेल्या बाळांना मांडीवर घ्यायची. तिनं बहिणीला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त जेवायच्या आधी हातावर पाणी घालताना ती हात जरा जास्त वेळ धारेखाली धरून ठेवायची.

"किती गार आहे, ताई," म्हणायची. "आणखी घाल."

एलुबे घालायची. मी ताटलीतल्या न्सिमाच्या, मक्याच्या पिठाच्या गोळ्याकडे बघत राहायचे.

सितोलिया तापात गेली. शेवटच्या दिवशी सारखं पाणी मागत होती. एलुबे पेल्यामागून पेला पाजत होती, अर्धं तिच्या गळ्यावर सांडत होतं. ती गेल्यावरही एलुबे पेला भरायची थांबेना, शेवटी मी तिच्या हातातून तो काढून घेतला.

त्यानंतर ते सुरू झालं. दुपारी भट्ट्यांवर चुना विझवायला घेतला की त्याचा सूऽऽ असा आवाज गावभर येतो. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की तो कानावर पडतही नाही. एलुबे हातातलं काम टाकून कुंपणाशी जाऊन उभी राहायची. "ऐकलंस?" मला विचारायची. "म्हणतेय, पाणी."

"अमायी, वाफ आहे ती."

"वाफेला माझं नाव कसं ठाऊक?"

वयानं ती मला आईसारखी. मी तिला घरात आणायचे, शेंगदाणे निवडायला बसवायचे. काही दिवसांनी तिनं स्वतःच एक मार्ग काढला. गावातून तिनं चार जुनी प्लॅस्टिकची पिंपं मिळवली, झाकणांसकट. प्रत्येक भट्टीपाशी एक पिंप, पिंपात पंपाचं स्वच्छ पाणी, झाकणाला बांधलेला मग. रोज सकाळी ती पाणी बदलायची. ते पाणी चुन्यावर मारायचं नाही, प्यायचं नाही, हात धुवायचे नाहीत.

सगळ्यात मोठी भट्टी काफेराची. तो एलुबेच्या शेजारीच लहानाचा मोठा झाला होता, आता त्याच्याकडे ट्रक होता आणि ट्रकाएवढाच आवाज.

"एलुबे, माझ्या वाटेतून तुझं हे पिंप हलव. पोती न्यायला अडचण होते."

"वळसा घालून ने."

"लोक हसतात. म्हणतात, काफेराच्या भट्टीवर ही बाई अंघोळ करते."

"तू एकदा केलीस तर जास्त हसतील," ती म्हणाली आणि झाकणावर बसली. ती उठेचना. शेवटी काफेरानंच वाट वळवली.

पुढच्याच उन्हाळ्यात मासौको नावाच्या कामगाराच्या उजव्या डोळ्यात चुना उडाला. भट्टीवरच्या बाया सवयीनं ओरडल्या, "पाणी नको, पाणी नको!" एलुबे कुठून आली कुणास ठाऊक. तिनं त्या आडदांड माणसाला मातीत आडवा पाडला, त्याच्या छातीवर चक्क बसली, तोंडावरची कोरडी फक्की पदरानं झटकली आणि दोन बोटांनी पापण्या फाकवून मगानं पाणी ओतायला लागली. मी धावत पोचले तेव्हा ती ओरडत होती, "फोस्टिना, घड्याळ! घड्याळ बघ!"

मी मनगट तिच्यासमोर धरलं. मासौको शिव्या देत होता. वरच्या पापणीखाली चुन्याचे खडे चिकटलेले होते. मी पापणी उलटी केली आणि ओल्या फडक्याच्या टोकानं ते काढले. एलुबे ओतत राहिली. पंधरा मिनिटांनी तो म्हणाला, "पुरे, आता थंड वाटतंय." ती म्हणाली, "अजून निम्मंच झालंय, गप पड." पिंप संपलं तसं शेजारच्या भट्टीचं पिंप आणवलं. अर्धा तास झाल्यावर त्याला सायकलवर बसवून थेट इस्पितळात पाठवलं, वाटेत घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. महिन्याभरानं तो त्या डोळ्यानं सुई ओवून दाखवत गावात फिरत होता. मग मात्र पिंपांना कुणी हसलं नाही.

मला वाटलं होतं, आता आवाज थांबेल. मी तिला तसं विचारलंही. तिनं मान हलवली. "मासौको ओरडत होता ना, तेव्हा त्याच्या आवाजात ती ओरडत होती."

मग काफेराचं प्रकरण झालं. भट्टीत घालायचे दगड तो स्वतः फोडत होता, लोखंडी घणाखाली छिन्नी धरून. काहीतरी टचकन डोळ्याला लागलं. तो डोळा मिचकावत माझ्या ओसरीवर आला. "कचरा गेलाय. जरा फुंकर मार." दुखणं जवळजवळ नव्हतंच. एलुबे मागून पाण्याचा मग घेऊन आलीच होती. मी बॅटरीचा उजेड टाकला. बुबुळावर केसाएवढी बारीक चीर होती, आणि आतली काळी बाहुली गोल नव्हती. एका बाजूला ओढल्यासारखी, थेंबासारखी लांबट झाली होती.

"अमायी, पाणी नको," मी म्हणाले.

एलुबेनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते कधी विसरणार नाही. तिचा चेहरा राखेसारखा झाला. पाण्याचा मग हातात तसाच हवेत.

"काय म्हणालीस?"

"लोखंडाचा कण आत घुसलाय. डोळा फुटलाय. धुवायचं नाही, दाबायचं नाही, आतलं काही काढायचं नाही. झाकायचं आणि न्यायचं."

"तेव्हाही आम्ही असंच म्हणालो होतो. पाणी नको."

"हे वेगळं आहे, अमायी. चुना धुवायचा, भोक धुवायचं नाही."

हातातला मग ती खाली ठेवेना. मी थोब्वाच्या, म्हणजे मक्याच्या पेयाच्या, रिकाम्या डब्याचा तळ कापला, तो वाटीसारखा काफेराच्या डोळ्यावर उपडा ठेवला, कडा फक्त हाडावर टेकतील असा, आणि पट्टीनं बांधला. काफेरा कुरकुरत होता की आता ट्रक भरायचा आहे, उद्या जातो. तेव्हा एलुबेला कंठ फुटला. "दुखत नाही म्हणून सोडतोस होय? न दुखणाराच लबाड असतो. चल ऊठ!" पण पाणी न देता त्याला ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसवून पाठवताना ती ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि ट्रक दिसेनासा होईस्तोवर मगातलं पाणी थेंबथेंब तिच्या पायावर सांडत होतं.

काफेराचा डोळा वाचला. जिल्ह्याच्या इस्पितळात तोवर नवा डोळ्यांचा माणूस आला होता, उत्तरेकडचा, लुसुंगु नावाचा. त्यानं काफेराला लगेच ब्लांटायर शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवलं, तिथे कण काढला. या गोष्टीनंतर एलुबे माझ्याकडून एकेक विचारून घ्यायला लागली. कुठला डोळा धुवायचा, कुठला नाही. लाल होऊन दुखतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तो त्याच दिवशी न्यायचा. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, त्याला मलेरिया समजून गोळ्या देत बसायचं नाही. अचानक दिसेनासं झालं तर दुखो वा न दुखो, न्यायचं. पाला नाही, दूध नाही, दुसऱ्याच्या उरलेल्या बाटलीतले थेंब नाहीत. मक्याच्या कापणीच्या दिवसांत, पातं लागून डोळे लाल झालेले असतात तेव्हा, ती शेताशेतातून फिरायची. कुणी नमस्कार केला तर उत्तर द्यायच्या आधी त्याची पापणी खाली ओढून बघायची. बाया म्हणायच्या, "एलुबेनं दुसरा नवरा केला असता तर पापणी उलटवून पारखला असता." ती म्हणायची, "पहिल्याची उलटवली असती तर केलाच नसता."

अशी वर्षं गेली. ती साठीला आली.

त्या जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात, गारठा फार होता, दिवसभर बारीक धुकट पाऊस. एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी तिच्याकडे डोकावले. ती चुलीपाशी बसली होती आणि तिनं दोन ताटल्या वाढल्या होत्या. न्सिमा, सुक्या उसिपा माशांचं कालवण. मला वाटलं, दुसरी माझ्यासाठी.

"ती तुझी नाही," ती म्हणाली. "सितोलिया आलीय."

बाहेर उजेड होता, भर दुपार होती. तरी मी दाराशीच थांबले.

"कुठे आहे?"

"इथे. डावीकडे." तिनं मान न वळवता हात नुसता बाजूला केला. "वळून बघितलं की तीही वळते. कोपऱ्यातच उभी राहते. आधी नुसती चमकायची, बुधवारपासून. डोळे मिटले तरी ठिणग्या. मग काळी फक्की उडताना दिसली, चुन्यासारखी, पण काळी. आता अंगासकट आलीय."

तिचा चेहरा मी इतका शांत कधी पाहिला नव्हता. अकरा वर्षं सेवा केली, आणि त्यानंतरची सारी वर्षं तो आवाज ऐकला, आणि आता बहीण स्वतः आली होती, चुलीजवळ, जेवायच्या वेळेला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, म्हातारपण आहे, दुःख आहे, कमी जेवते. पास्टरांना सांगून आले की एलुबेसाठी प्रार्थना करा. सोमवारी पोलिओचे थेंब होते, मंगळवारी वजनं होती. ज्या बाईला मी स्वतः सगळं शिकवलं होतं, तिनं माझ्यासमोर ठिणग्या, काळी फक्की आणि सावली अशी ओळीनं सांगितली, आणि मी ऐकलं ते भुताची गोष्ट म्हणून.

गुरुवारी सकाळी ती ओसरीवर आली. माझ्यासमोर बसली, माझ्याकडे बघत राहिली.

"ती आता पुढे सरकलीय," म्हणाली. "तुझा अर्धा चेहरा झाकते. मी म्हणते, बाजूला हो गं, फोस्टिनाशी बोलू दे. ऐकत नाही."

मी हातातली सुई ठेवली.

"अमायी, उजवा डोळा हातानं झाक."

"कशाला?"

"झाक. दिसतेय का ती?"

"दिसतेय की. आता तर मोठी दिसतेय."

"आता डावा झाक. उजवा उघड."

तिनं डावा झाकला. मग ओसरीभर नजर फिरवली, अंगणात, पिंपांकडे, परत माझ्याकडे.

"गेली," ती म्हणाली. "कुठे गेली?"

सितोलिया आली असती तर दोन्ही डोळ्यांना दिसली असती. ही एकाच डोळ्यात होती. डोळ्याच्या आतला पडदा सुटत चालला होता आणि मी चार दिवस प्रार्थना करवत होते.

मी तिला सांगितलं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं. आत भिंतीला चिकटलेला पातळ पडदा असतो, तो फाटला की ठिणग्या दिसतात, सुटायला लागला की कडेनं काळोख आत येतो, आज नेलं तर काही वाचेल.

ती हसली. "तुला ते पुस्तकात शिकवलंय. ही माझी बहीण आहे."

"एका डोळ्यात?"

"तिचे दोन्ही मी घेतले. ती माझ्या एकात राहिली तर तुझं काय जातं?"

मी हात जोडले, ओरडले, रडले. ती पिंपांचं पाणी बदलायला निघून गेली. मी काफेराच्या भट्टीवर धावले. त्यानं सगळं ऐकलं, ट्रक काढला आणि तिच्यापुढे नेऊन उभा केला.

"चढ," तो म्हणाला.

"मला कुठे जायचं नाही."

"मला तरी कुठे जायचं होतं? डोळ्यावर डबा बांधून बैलासारखं घातलंस ना मला गाडीत? दुखत नाही, उद्या जातो म्हटलं तर काय म्हणालीस? सगळ्या गावादेखत लबाड म्हणालीस."

"ते तुझ्या डोळ्याला म्हणाले होते."

"आता मी तुझ्या डोळ्याला म्हणतोय. चढतेस का छातीवर बसू?"

भट्टीवरचे सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. तिनं पदर तोंडाला लावला. "तिला काढून टाकतील," ती मला म्हणाली. "तिला आधीच एकदा मी धरून ठेवलं, हवं ते दिलं नाही. आता आपणहून आली तर हाकलून द्यायचं?"

मी म्हणाले, "तिला विचार. तुझा डोळा जावा असं तिला वाटतं का, ते विचार."

एलुबे बराच वेळ डावीकडे मान कलती करून उभी राहिली. काय विचारलं, काय ऐकलं, मला माहीत नाही. नंतर तिनं हातातला मग पिंपाला बांधला आणि ट्रकात चढली. वाटभर ती खिडकीकडे डावा गाल करून बसली होती, शेजारी जागा सोडून.

लुसुंगुनं थेंब घालून बाहुली मोठी केली, उजेड टाकून बघितलं. फार वेळ बघितलं. "कधीपासून?" त्यानं विचारलं.

सांगायचं मलाच होतं. "ठिणग्या मागच्या आठवड्यातल्या बुधवारपासून. सावली... रविवारी मला सांगितली."

"तुला सांगितली?"

"हो."

आल्यापासून डोळ्यांचं पुढचं सगळं मला त्यानंच शिकवलं होतं. त्यानं कागदावर रविवार लिहिलं, बाकी काही बोलला नाही. मला तेव्हा कळलं की एलुबेला त्या पहिल्या माणसानं रागवावं असं का वाटायचं.

ब्लांटायरला त्याच दिवशी पोचलो, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात हवेसारखं काहीतरी भरलं होतं, पडदा भिंतीला दाबून धरायला, त्यामुळे तिला दिवसचे दिवस पालथं तोंड करून राहावं लागलं. मी खाटेशेजारी जमिनीवर बसून तिला भरवायचे. ती एकदाही सितोलियाबद्दल बोलली नाही. सर्जनबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की पडदा बसलाय, पण मधला भाग आधीच सुटला होता, तिथली नजर पूर्ण यायची नाही. रविवारी आली असती तर कदाचित आली असती.

गावी परतल्यावर त्या डोळ्यानं तिला दाराची चौकट वाकडी दिसायची, माणसांचे चेहरे पुसट. पण कडा साफ होत्या. एके दुपारी आम्ही तुरीच्या शेंगा सोलत होतो. भट्टीवर चुना विझवत होते, सूऽऽ आवाज आला. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान वर केली नाही.

"कोपरा रिकामा आहे," ती म्हणाली. "आवाजही नाही. नुसती वाफ."

"बरं झालं, अमायी."

"तुला काय माहीत," ती म्हणाली, आणि शेंगा सोलत राहिली. त्यानंतर ती काही महिने फार खंगली. पिंपं मात्र भरायची. मी तिच्या घरात गेले की माझी नजर नकळत तिच्या डावीकडे जायची, आणि तिथे कुणी नाही हे बघून मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. अजूनही कुणी माझ्यासमोर बसून म्हटलं, काहीतरी दिसतंय, तर मी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत म्हणते, एक डोळा झाक.

दोन वर्षांनी, मार्चमधल्या एका सकाळी, मी दार उघडलं तर ती पायरीवर बसलेली. अंगावर रविवारचं लुगडं, पायांत बूट, हातात गाठोडं.

"उजव्या डोळ्यात चमकलं," ती म्हणाली. "आज पहाटे. दोनदा. काळे कणही आहेत."

मी तिच्या शेजारी बसले. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "ती असेल?"

"असेल," एलुबे म्हणाली. "पण आधी डोळा दाखवू. काफेराला हाक मार."

पडदा नुसता फाटला होता, सुटला नव्हता. ब्लांटायरला त्याच दुपारी उजेडाचे टाके घातल्यासारखं करून ती चीर बुजवली. अर्ध्या तासात ती बाहेर आली, भिंतीला हात न लावता, चालत. परतीच्या मिनीबसमध्ये तिनं खिडकीतून दिसेल ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दुकानांच्या पाट्या, चर्चची नावं, ट्रकांच्या मागे लिहिलेलं काहीबाही, पुढच्या सीटवरची बाई वैतागून वळेपर्यंत. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "फोस्टिना, सितोलियाला वाचता येत होतं. माझ्यापेक्षा चांगलं."

हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.